नाणं टांकसाळीत चुकलं की बाहेर बिघडलं?

दहा रुपयांच्या नाण्याची नुसती पिवळी कडी 'दुर्मिळ एरर' (टांकसाळीतली चूक) म्हणून हजारोंना विकायला ठेवलेली बघितली की मला खरंच संताप येतो. कारण घेणारा बहुतेक वेळा नवखा असतो.

ती कडी आणि मधली पांढरी चकती ठशाच्या एकाच दाबात एकमेकींत घट्ट बसतात. चकती नसतानाच दाब पडला असता, तर कडीचा धातू आत मोकळ्या जागेत सरकला असता आणि भोकाचा काठ वेडावाकडा झाला असता. कडीवरची अक्षरं जागच्या जागी आहेत, भोक स्वच्छ गोल आहे? मग चकती नंतर कुणीतरी ठोकून काढलीय. विषय संपला.

नाणं हातात आलं की मी एवढंच विचारतो: वरचा ठसा, खालचा ठसा आणि भोवतीची कॉलर (दाब पडताना नाण्याला बाहेर पसरू न देणारी कडी), यांच्यामध्ये हे घडू शकतं का? पेढ्यावर ठसा बाजूला पडला की उरलेला भाग कोरा राहून फुगतो, तसंच ऑफ-सेंटर नाण्याचं होतं. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंच रेघ येते, नखाला लागते. खाली खोल गेलेली रेघ म्हणजे बहुधा ओरखडा.

सगळ्यात जास्त फसवणूक लाखीत, म्हणजे एका बाजूला उलटं चित्र उमटलेल्या नाण्यांत होते. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, पुढची कोरी चकती त्यावर दाबली जाते आणि एका बाजूला तेच चित्र उलटं, खोल उमटतं. दुसरी बाजू मात्र नेहमीसारखी ठसठशीत असते. दोन नाणी शिकंज्यात आवळून केलेल्या नकली लाखीत उलटी अक्षरं मूळ नक्षीवरच चढलेली दिसतात आणि मागची बाजू चेपलेली असते. ती मागची बाजू विक्रेता फोटोत दाखवत नाही. मागूनच घ्या!

कड चंद्रकोरीसारखी कापलेली असेल तर कापाच्या बरोबर समोरची कड बघा. खऱ्या क्लिपमध्ये, म्हणजे टांकसाळीतच कापल्या गेलेल्या नाण्यात, तिथली किनार बऱ्याचदा दबकी, अस्पष्ट असते. कानशीने घासलेल्यात ती पूर्ण असते. आणि 'मिंट मार्क (टांकसाळीची खूण) गायब' हा तर शुद्ध थापांचा बाजार. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच.

जुन्या तांबे-निकेलच्या जाड पाच रुपयांचं वजन 9 ग्रॅम. 'पातळ एरर' दिसला आणि नक्षी सगळीकडे सारखीच झिजलेली असेल, तर ॲसिडचा संशय घ्या.

ज्येष्ठ मंडळींना 'तुमच्या नाण्याचे लाखो येतील, आधी नोंदणी फी भरा' असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलीही फी घेत नाही. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगा. आणि कुणी खराब नाणं दाखवलं तर हसू नका, 'हे बाहेर बिघडलंय' असं कारणासकट समजावून सांगा. शंका असेल तर दोन्ही बाजू, कड आणि वजन, चारही कमेंटमध्ये टाका. मी बघेन.