बूट उताराला तपासा
‘नवे बूट घालून एकदा वेताळ टेकडी चढलात की तपासणी झाली’ हे ट्रेकआधी नवं सामान कसं तपासावं यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. चढताना कुठलाही बूट चांगलाच वाटतो हो! पुण्यातल्या या टेकडीच्या दगडखाणीकडच्या मुरमाड घसाऱ्यावरून उतरताना अंगठा पुढे आपटतोय का, टाच मागे सैल पडतेय का, ते बघायचं. तेही ट्रेकचेच जाड मोजे घालून आणि शक्यतो संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असतात तेव्हा.

सॅकचंही तेच. रिकामी सॅक कुणालाही छान बसते. दोन लिटरच्या चार बाटल्या भरा, आठ किलो झाले की खांदे बोलायला लागतात. सॅकवर चढवायच्या रेनकव्हरबद्दल मात्र एक ओळ हवी होती. पाणी पाठीकडून आत झिरपतं, तिथे कव्हर नसतंच. आतून मोठी प्लास्टिकची पिशवी लावा आणि जुलैत सिंहगड करून या. कपडे कोरडे राहिले तर हरिश्चंद्रगडाचं बघू.