धार आणि सार

आमच्या घरातली सुरी टोमॅटो कापत नसे, दडपत असे. रस ओट्यावर, बिया भिंतीवर, साल मात्र शाबूत. "धारवाल्याकडे दे," बायको म्हणाली. पण सायकलचं पायडल मारून दगडी चाक फिरवणारा तो गृहस्थ आमच्या गल्लीत मंगळवारी अकराला येतो, तेव्हा मी ऑफिसात. शिवाय एका सुरीचे तीस रुपये! माझ्यातला काटकसरी जागा झाला. आमच्या घरात याला अपशकुन मानतात.

चांगल्या निसण्याची किंमत बघून मी मोबाईल पालथा घातला आणि कप उपडा केला. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कडी असते, तिच्यावर चकाकी चढवलेली नसते आणि ती पोलादापेक्षा कठीण असते. कपबशा मात्र लग्नातल्या निघाल्या. चार कपांच्या बुडाला काळे पट्टे उमटले. सुरी झिजतेय हे दिसलं, म्हणून मी खूश. कप दिसले, म्हणून बायको नाही.

मग हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणले, चारशे आणि हजार नंबरचे. "भिंत की लाकूड?" दुकानदाराने विचारलं. "सुरी," म्हटल्यावर त्याने पैसे आधी घेतले. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, म्हणून चारशे आधी. मी कागद फरशीवर अंथरला आणि अर्थातच हजारने सुरुवात करून अर्धा तास सुरीला नुसती मालिश केली.

खरी मेख कोनात आहे. पातं कागदाशी साधारण पंधरा ते वीस अंशांत धरायचं. म्हणजे चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर उचलायची आणि शेवटपर्यंत तेवढीच ठेवायची. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला. पहिल्या घासाला पंधरा, तिसऱ्याला पस्तीस, फोन वाजला तेव्हा नव्वद. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक झालर चढते. ती बोटाला लागली की बाजू बदलायची. ती लागली त्या क्षणी मी एवढ्या जोरात ओरडलो की आई देव सोडून धावत आली.

"लागलं?"

"हो! लागली!"

"मग हळद लाव."

शेवटचा हात चामड्यावर. ऑफिसचा पट्टा दाराच्या कडीला अडकवला. पट्ट्यावर सुरी उलटी ओढायची असते, पाठ पुढे आणि धार मागे. हे मला पट्ट्याचे दोन तुकडे झाल्यावर कळलं. एक मात्र खरं, काप अत्यंत सुबक होता.

मग टोमॅटो. पहिल्याची चकती कागदासारखी निघाली. विश्वास बसेना म्हणून दुसरा, बायकोला दाखवायला तिसरा, वॉचमनला दाखवायला चौथा. त्या भरात किलोभर टोमॅटो संपले आणि आईची विळीही सुटली नाही. तिचं पातं बाकदार, माझी फरशी सपाट. व्हायचं ते झालं.

तीन दिवस दोन्ही वेळा टोमॅटोचं सार. मंगळवारी मी घरूनच काम करत होतो, कारण पट्टा नव्हता. अकराला खालून हाक आली, "चाकू-सुरी-विळीला धाऽर!" आईने काही न बोलता विळी माझ्या हातात दिली. मी दुसऱ्या हाताने पँट सावरत जिना उतरलो.