‘जायंट’ला ग्रंजने संपवले का?

मेलोडिक म्हणजे सुरेल रॉकच्या चाहत्यांत एक विधान वर्षानुवर्षे फिरते आहे : ग्रंज या सिअॅटलमधून पुढे आलेल्या खरखरीत रॉकशैलीतला, ‘निर्वाना’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि ‘जायंट’सारखे गुणी बँड रातोरात संपले.

आधी ‘रातोरात’ पाहू. ‘नेव्हरमाइंड’ ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला तो जानेवारी १९९२ मध्ये. त्यानंतर फेब्रुवारीअखेर अमेरिकेत गाण्यांच्या यादीत अव्वल होते ते मिस्टर बिगचे ‘टू बी विथ यू’, आणि त्याच वसंतात डेफ लेपर्डचा ‘अॅड्रेनलाइझ’ अल्बमच्या यादीत शिखरावर होता. सुरेल रॉक ऐकणारा श्रोता तेव्हा कुठेही गेलेला नव्हता.

दुसरे म्हणजे, ‘जायंट’चा कळस या सगळ्याच्या आधीच होऊन गेला होता. ‘लास्ट ऑफ द रनअवेज’ हा पहिला अल्बम १९८९ चा. त्यातले ‘आय विल सी यू इन माय ड्रीम्स’ १९९० मध्ये अमेरिकेतील गाण्यांच्या यादीत २० व्या क्रमांकापर्यंत गेले आणि ‘नेव्हरमाइंड’ येईपर्यंतच्या वर्षभरात तितक्या उंचीचे दुसरे गाणे या बँडला देता आले नाही. त्याचे खापर सिअॅटलवर कसे फोडणार? दुसरा अल्बम ‘टाइम टू बर्न’ १९९२ मध्ये एपिक या नव्या कंपनीकडून आला, तो मात्र बदललेल्या हवेत सापडला, हे मान्य करायला हवे. दाव्यात तथ्य आहे ते एवढेच.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा माणसांचा आहे. गायक-गिटारवादक डॅन हफ हा बँडच्या आधीपासूनच मागणी असलेला स्टुडिओ-वादक होता (व्हाइटस्नेकच्या ‘हिअर आय गो अगेन’च्या १९८७ मधील रेडिओ-आवृत्तीतली गिटार त्याचीच), तर कीबोर्डवादक अॅलन पास्क्वाने बॉब डिलनच्या १९७८ च्या ‘स्ट्रीट-लीगल’ अल्बममध्ये वाजवले आहे. अशा वादकांसाठी बँड हा उपजीविकेचा एकमेव आधार नसतो, त्यामुळे तो थांबला म्हणजे त्यांचे संगीत बुडाले असे होत नाही. हफ पुढे नॅशव्हिलमध्ये कंट्री संगीताचा आघाडीचा निर्माता झाला.

शिवाय ‘संपले’ हेही खरे नाही. ‘जायंट’चा तिसरा अल्बम २००१ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने हफला वर्षातील सर्वोत्तम वादक म्हणून गौरवले.