एक खेळतो, दुसरा दाखवतो

जुना कॉम्प्युटर बिघडला की लोक नवा आणतात. आमच्याकडे दुसरा आला तो पहिला उत्तम चालतो म्हणून. पहिल्यावर बाबूने गेम खेळायचा आणि दुसऱ्यावरून ते खेळणं यूट्यूबवर जगाला दाखवायचं, अशी योजना.

बाबूचं म्हणणं असं, की गेम चालवायलाच मशीनची सगळी ताकद खर्ची पडते. त्याच वेळी पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा पकडायचं, दाबून लहान करायचं आणि इंटरनेटवर सोडायचं, हेही तेवढंच जड काम. दोन्ही एकावर टाकलं की गेम अडखळतो, आणि नेमका समोरच्याने बंदूक रोखलेली असताना अडखळतो. हे मला पटलं. लग्नघरात रांधणाऱ्यालाच वाढायला लावलं तर भात करपतो आणि पंगतही ताटकळते. ह्यांचं मत असं, की मी मान डोलावली नसती तर पुढचं काही झालंच नसतं. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “ह्यो खेळतलो, लोक बघतले, मगे काम कोण करतलो?” याचं उत्तर कोणी दिलं नाही. पुढे ते आपोआपच मिळालं: काम आम्ही करतलो.

दुसरा कॉम्प्युटर म्हणजे माझ्या भावाच्या ऑफिसातून निघालेला जुना डबा. एप्रिलचे दिवस. आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला गेलेल्या गाड्या परत येताना मोकळ्याच असतात, त्यातल्या एकीतून भावाने तो पाठवला. पहाटे जामसंड्याला उतरवून घेतला. आत हादरे बसू नयेत म्हणून खोक्यात पेंढा भरलेला, आणि तो पेंढा आम्हीच पाठवलेल्या पेटीतला. दोन दिवस त्या मशीनचा पंखा सुरू झाला की खोलीत हापूसचा वास यायचा. एवढा गोड काळ त्या यंत्राने आम्हाला नंतर पुन्हा दाखवला नाही.

दोन मशीन जोडायची तर मध्ये काहीतरी लागतं. आधी फुकटचा मार्ग झाला. एनडीआय म्हणून एक सोय 2015 पासून आहे, तिच्यात घरातल्या घरात नेटवर्कच्या वायरीवरून चित्र पाठवता येतं. पण फुल एचडी चित्र साठ फ्रेमने पाठवायला सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर जागा लागते आणि आमच्या राउटरची भोकं जेमतेम शंभराची. वायफायने पाठवावं, तर राउटर ओटीवर, बाबू माजघरापलीकडच्या खोलीत आणि मध्ये चिऱ्याच्या भिंती. आजेसासऱ्यांनी बांधलेल्या या भिंती चार महिने कोसळणाऱ्या पावसाला दाद देत नाहीत, त्या वायफायला कुठून देणार!

मग कॅप्चर कार्ड आलं. नाव कार्ड, पण दिसायला काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी. तिला तीन भोकं. पहिल्या मशीनचं चित्र ‘इन’मध्ये शिरतं, ‘आउट’मधून निघून बाबूच्या पडद्यावर जातं, आणि त्याची एक नक्कल यूएसबीच्या वायरीने दुसऱ्या मशीनला मिळते. ‘इन’ आणि ‘आउट’ ही अक्षरं काळ्यावर काळी, तीही मुंगीच्या पायाएवढी. बाबू टेबलाखाली आडवा, मी टॉर्च धरून वाकलेली, आणि माझा चष्मा त्याच्या नाकावर. शिवाय ती यूएसबीची वायर निळ्या तोंडाच्या भोकातच लागते, काळ्या तोंडाच्यात लावली की चित्र येतच नाही. जुन्या मशीनला निळी भोकं फक्त पाठीमागे, आणि पाठ भिंतीला.

चित्र आलं, तर बाबूचा चेहरा पडला. त्याचा पडदा सेकंदाला 144 वेळा चित्र बदलतो आणि ही डबी साठाच्या पुढे जात नाही, त्यामुळे ती मध्ये बसवली की त्याचा पडदाही साठावर येतो. “आई, डोळ्यांना टोचतं गं.” मी दोन्ही प्रकारे बराच वेळ बघितलं. ह्यांनाही बघायला बोलावलं. ह्यांचं निरीक्षण एवढंच, की दोन्हीकडे मार बाबूच खातोय.

चित्राचं एक वेळ ठीक, आवाजाने मात्र अंत पाहिला. गेमचा आवाज चित्राच्याच वायरीतून, म्हणजे एचडीएमआयमधून पाठवला की तो प्रेक्षकांना ऐकू येतो, बाबूला नाही. हेडफोनला पाठवला की बाबूला येतो, प्रेक्षकांना नाही. मागून कोण येतंय हे पावलांवरून ओळखायचं असतं म्हणे, त्यामुळे प्रेक्षकांवर उदार होऊन भागत नाही. शेवटी पहिल्या मशीनच्या हिरव्या भोकातून दुसऱ्याच्या निळ्या भोकात एक बारकी वायर टाकली. आवाज गेला, आणि त्याच्याबरोबर ‘घूंऽऽ’ असा सूर गेला. गोळीबार थांबला तरी घूं. गेम बंद केला तरी घूं. बाबूने वायर बदलली, हेडफोन बदलला, माझ्या फ्रीजवर संशय घेतला. फ्रीज बंद ठेवून बघितला, त्यात दूध नासलं, घूं तसाच.

मग वायरमनला बोलावलं. तो कॉम्प्युटरकडे न बघता थेट परसात गेला आणि तिथून ओरडला, “वयनी, अर्थिंगाक पाणी कधी घातलात?” घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असतं. खाली जांभा दगड. मे महिन्यात तो इतका वाळतो की अर्थिंग नावालाच उरतं. त्यातून एक मशीन या खोलीच्या प्लगवर, दुसरं माजघरातून ओढलेल्या वायरीवर. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक, आणि तो फरक त्या बारक्या वायरीतून इकडून तिकडे पळणार. घरच्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण होती ती. दोन्ही मशीन एकाच बोर्डावर आणल्यावर ती थांबली. पण तोवर पाण्याचा हुकूम निघालेला होता, तो काही मागे घेतला गेला नाही. आता सकाळी मी तुळशीला तांब्याभर आणि अर्थिंगला बादलीभर पाणी घालते. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, इथे काय पेरलंय म्हणून.

आवाज स्वच्छ झाला तेव्हा कळलं, की तो वेळेवर येत नाही. म्हणजे आवाज वेळेवर येत होता, तोंडच उशिरा हलत होतं. कॅमेऱ्याचं चित्र रेंगाळत येतं, माइक सरळ येऊन उभा राहतो. ओबीएसमध्ये, म्हणजे हे सगळं ज्यातून दाखवतात त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, आवाजाला मिलिसेकंदांत मागे ओढायची सोय आहे. किती ओढायचा हे ठरवायला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवतात. हात मिळालेले दिसतात कधी आणि टाळी ऐकू येते कधी, ते मोजायचं. बाबू मोजणार, म्हणजे टाळी माझी. मी वाजवत बसले. ओटीवरून सासूबाई लगबगीने आल्या. “आज आरती इतक्या बेगीन?” असं म्हणत त्यांनीही टाळी धरली, माझ्याहून निराळ्या लयीत. बाबूने मान वर न करता मिलिसेकंद जुळवले ते आजीच्या टाळीवर. आठवडाभर तो पडद्यावर भलत्याच वेळी तोंड उघडत होता.

प्रक्षेपण सुरू झालं की आवाज नीट जातोय ना हे बघायला एक माणूस लागतो. माझा फोन स्वयंपाकघरात फळीवर उभा केला. थेट प्रक्षेपण म्हणतात खरं, पण घरातून निघालेलं चित्र यूट्यूबवर फिरून घरी परत यायला काही सेकंद लागतात. त्यामुळे ऐन दिवेलागणीला आतल्या खोलीतून “मेलो! मेलो!” अशी आरोळी येते. मी भाकरी उलटते, तव्यावर पाणी फिरवते, आणि फळीवरून पुन्हा, “मेलो! मेलो!” सासूबाई दोन्ही वेळा “शिरा पडो तुज्या तोंडार” म्हणतात. आधी खोलीकडे बघून, मग फोनकडे.

हिरव्या पडद्याचंही सांगायला हवं. मागची खोली, कणग्या आणि वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून मागे हिरवं कापड लावतात; तेवढा हिरवा रंग कॉम्प्युटर पुसतो आणि तिथे हवं ते चित्र बसवतो. कापड म्हणून माझी साडी गेली. तिचे जरीचे काठ हिरवे नसल्यामुळे ते पुसले जाईनात. बाबूच्या मागे अवकाश, तारे, ग्रह, आणि त्यांच्यामधून जाणारे माझे दोन काठ. एकदा मी त्याला कोकम सरबत द्यायला गेले, अंगावर हिरवीच साडी. प्रेक्षकांना दिसलं ते एक डोकं आणि पेला धरलेला हात, तोही बांगड्यांपाशी तुटलेला. त्या दिवशी मोजके होते ते प्रेक्षक एकदम वाढले. बाबूच्या खेळावर अजून एवढ्या टिप्पण्या आलेल्या नाहीत.

एवढं करूनही चित्र अडकायचंच. ओबीएसमध्ये एक खिडकी उघडते, तिच्यात फ्रेम कुठे हरवल्या त्याचा हिशेब असतो: चित्र रंगवताना किती, दाबताना किती, आणि नेटवर्कवर किती. बाबूच्या दोन मशीनचा सगळा प्रपंच पहिल्या दोन रकान्यांसाठी. तिथे शून्य. सगळं गळत होतं ते तिसऱ्यात. सेकंदाला सहा मेगाबिट सतत वर जायला हवेत, म्हणजे तासाला जवळजवळ पावणेतीन जीबी, आणि आमची फायबर येते ती खांबावरून नारळावर, नारळावरून फणसाच्या फांदीला वळसा घालून. त्या वळशावर माकडं झोके घेतात. त्याला कितीही मशीन जोडली तरी इलाज नाही, इलाज गोफण. ती ह्यांच्याकडे. ह्यांनी सुरुवातीला या सगळ्यात भाग घेणार नाही असं जाहीर केलं होतं. आता आतून “फ्रेम ड्रॉप!” अशी हाक आली की हे पायात चपला सरकवतात.

मध्यंतरी पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, “मामी, 2018 नंतरच्या एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांत चित्र दाबायचं काम करणारा वेगळा भाग इतका सुधारलाय, की बहुतेकांना दुसरं मशीन लागतच नाही. बाबूचं कार्ड त्यातलंच आहे.” मी बाबूकडे बघितलं. “माहितीये,” बाबू म्हणाला. “पण प्रोसेसरवर सावकाश दाबलेलं चित्र जास्त स्वच्छ दिसतं.” जुन्या डब्याला ते सावकाश दाबणं झेपत नाही, त्याचा पंखा शिट्टी वाजवतो, म्हणून बाबूने ते घाईघाईवरच ठेवलंय. तरी मी काही बोलले नाही. घरात दोन कॉम्प्युटर असण्याची हौस ही कारणं शोधून येत नाही. ह्यांच्याकडे तीन गोफणी आहेत, त्यांना कोणी विचारतं का?

आता राहिली लाईट. 2021 च्या तौक्ते वादळात अंधारात काढलेले दिवस आठवून आम्ही इन्व्हर्टर घेतला होता. त्याच्या पाठीमागे एक बटण असतं, ते ‘यूपीएस’वर केलं की लाईट जाताना कॉम्प्युटर बंद पडत नाहीत, इतक्या झटक्यात तो सुरू होतो. बाबूने ते केलं आणि आम्ही लाईट जायची वाट बघत बसलो. कोकणात अशी वाट फार बघावी लागत नाही. लाईट गेली. दोन्ही मशीन सुरू, दोन्ही पडदे सुरू, बाबूने मूठ वर केली, आणि ओटीवरचा राउटर विझलेला. तो इन्व्हर्टरच्या लाईनवर नव्हता.

वायरमन पुन्हा आला. राउटरचं काय, तो मूठभर वीज खातो. पण वर दोन मशीन आणि दोन पडदे बघून त्याने मान हलवली. बॅटरी टिकायला हवी तर एक काहीतरी उतरवा म्हणाला. घरात सगळ्यांची बैठक झाली. ओटीचा दिवा सासूबाईंचा, तो राहिला. टीव्ही ह्यांचा, तोही राहिला. मी गॅसवर आमटी ठेवून आले तोवर स्वयंपाकघरातला पंखा उतरवायचं ठरून गेलं होतं.

म्हणून आता संध्याकाळी लाईट गेली की मी भाजीची टोपली घेऊन बाबूच्या खोलीत जाते आणि त्याच्या पंख्याखाली, त्या हिरव्या कापडापुढे बसते. हिरवी साडी असतेच. बाबू कुरकुरला, पण त्याच्या प्रेक्षकांना सवय झाली आहे. टोपलीत लाल माठ असला की त्यांना तो दिसतो. परवा मेथी होती, तेव्हा कोणीतरी लिहिलं, “काकी आज हवेत काय निवडतायत?”