टाळ्या वाजवणारेच आता न्यायाधीश होऊन बसलेत

बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहूनच टाकतो. पोस्ट लांबणार आहे.

मी लहानपणापासून क्रिकेटवाला. अमेरिकेत आल्यावर बेसबॉल अंगवळणी पडायला बरीच वर्षं गेली, पण मुलगा लिटल लीगमध्ये खेळायला लागला आणि मीही त्यात पुरता अडकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंचं सन्मानदालन, बघायला गेलो होतो. त्या लांबलचक हॉलमध्ये भिंतीवर ओळीने ब्राँझच्या पाट्या आहेत, प्रत्येक पाटीवर खेळाडूचा चेहरा. मुलगा एकेक नाव वाचत पुढे गेला, परत आला आणि म्हणाला, "बाबा, सगळ्यात जास्त होम रनवाला कुठंय?" (होम रन म्हणजे साधारण आपला षटकार.)

बॅरी बॉन्ड्स. कारकिर्दीत ७६२ होम रन. त्याची पाटी तिथे नाही.

का नाही, तर ताकद वाढवणारी ड्रग्ज, स्टेरॉइड्स वगैरे. हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि बॉन्ड्स धुतल्या तांदळासारखा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझा राग आहे तो हे ठरवणाऱ्यांवर. कारण हॉल ऑफ फेममध्ये कोण जाणार याचं मुख्य मतदान करतात बेसबॉल कव्हर करणारे पत्रकार. दहा वर्षं त्यांच्या संघटनेत काढली की मत मिळतं, आणि खेळाडूला ७५ टक्के मतं लागतात. म्हणजे बातमी लिहिणारा पण तोच आणि निकाल देणारा पण तोच!

आता १९९८ साल आठवा. १९९४ च्या खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनलच, रद्द झाली होती, लोक खेळावर चिडलेले होते, आणि अशात मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांची एका सीझनमधल्या ६१ होम रनचा १९६१ पासूनचा रेकॉर्ड मोडायची शर्यत सुरू झाली. मॅग्वायर ७० वर थांबला, सोसा ६६ वर. पेपरवाल्यांनी दोघांना डोक्यावर घेतलं, एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने तर दोघांना मिळून वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. आणि त्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेचा स्टीव्ह विल्स्टीन मॅग्वायरच्या लॉकरसमोर बाकीच्या रिपोर्टर्सबरोबर उभा होता. लॉकरच्या वरच्या कप्प्यात पॉपाय छाप पालकाच्या भाजीचा डबा, च्युइंगगमची पाकिटं आणि शेजारी एक तपकिरी बाटली. त्याने लेबलवरचं नाव टिपून घेतलं, अँड्रोस्टेनडायोन, मग ते काय असतं ते शोधून काढलं, तर स्टेरॉइडच्या जातीचं औषध. ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती, दुकानात सहज मिळायचं. त्याने बातमी दिली.

एका रिपोर्टरने आपलं काम नीट केलं, बस एवढंच झालं होतं. पण मॅग्वायरच्या टीमचा मॅनेजर (बेसबॉलमध्ये मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात) टोनी ला रुसा म्हणाला एपीवाल्यांना क्लबहाऊसमध्ये, म्हणजे टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये, पाऊलच टाकू देऊ नका. ते एक वेळ समजू शकतो, तो त्याचा माणूस. पण विल्स्टीनच्याच धंद्यातल्या कित्येकांनी त्यालाच धारेवर धरलं, दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतोस काय म्हणून!! बाटली सगळ्यांसमोर उघड्यावर होती हो.

पुढे वारं फिरलं. सप्टेंबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या खेळाडूंना अशी ड्रग्ज पुरवणाऱ्या बाल्को कंपनीवर धाड पडली आणि बॉन्ड्सचं नाव त्यात आलं. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या मार्क फैनारू-वाडा आणि लान्स विल्यम्स यांनी ते प्रकरण लावून धरलं, सोर्सचं नाव सांगत नाही म्हणून त्यांना तुरुंगवासाची शिक्षाही सुनावली गेली होती, त्या दोघांना मी मनापासून मानतो. पण बाकीचे? बॉन्ड्सला २००१ ते २००४ सलग चार वर्षं एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचं, अवॉर्ड मिळालं, आणि ते मत कुणाचं असतं? याच पत्रकार संघटनेचं. २००४ चं तर धाड पडून वर्ष उलटल्यावर दिलेलं आहे. मग हॉल ऑफ फेमची वेळ आली की अचानक खेळाचं पावित्र्य, चारित्र्य वगैरे आठवलं.

२०२२ ची मतपत्रिका बघा. बॉन्ड्सचं मतपत्रिकेवरचं शेवटचं वर्ष, ६६ टक्के, बाहेर. ड्रग्जचाच आरोप असलेला पिचर रॉजर क्लेमेन्स ६५.२ टक्के, बाहेर. आणि त्याच मतपत्रिकेवर डेव्हिड ऑर्टिझ, पहिलंच वर्ष, ७७.९ टक्के, आत! २००३ च्या ड्रग्जच्या गुप्त चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्यांमध्ये ऑर्टिझचं नाव असल्याची बातमी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिली होती. नंतर बेसबॉल लीगचे प्रमुख, कमिशनर मॅनफ्रेड यांनीच सांगितलं की त्या यादीतल्या काही निकालांबद्दल शंका होत्या, ऑर्टिझ पुढे कधी सापडलाही नाही, त्यामुळे त्याला संशयाचा फायदा मिळाला याला माझी हरकत नाहीच. पण माइक पियाझा हा खेळाडू एकाही चाचणीत सापडला नव्हता, नुसत्या कुजबुजीवर त्याला २०१६ पर्यंत ताटकळत ठेवलं, त्याला का नाही दिला तोच फायदा?

मला विचाराल तर उत्तर साधं आहे. ऑर्टिझ हसतमुख, गप्पिष्ट, रिपोर्टरला दोन वाक्यं हमखास देणारा. बॉन्ड्स रिपोर्टर्सना झिडकारून लावायचा, तोंडावर अपमान करायचा, आणि तो राग वर्षानुवर्षं बातम्यांत उतरत राहिला. काही जण म्हणतात हा वर्णद्वेष आहे. तोही भाग असेल, पण क्लेमेन्स गोरा आहे आणि ऑर्टिझ कृष्णवर्णीय डॉमिनिकन, तेव्हा तेवढ्यावर हिशोब लागत नाही.

आणि मॅग्वायर, ला रुसा? मॅग्वायरने जानेवारी २०१० मध्ये स्टेरॉइड्स घेतल्याचं कबूल केलं, आणि त्याच वर्षी तो ला रुसाच्याच टीममध्ये बॅटिंग कोच होता. ला रुसा २०१४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. हा सगळा काळ कमिशनर असलेले बड सेलिग २०१७ मध्ये गेले. या दोघांना पत्रकारांनी नाही, वेगळ्या कमिटीने निवडलं, मान्य. पण मॅनेजरने काय पाहिलं, कमिशनरला काय माहीत होतं, यावर खेळाडूंवर लिहिलं त्याच्या एक दशांश तरी लिहिलं का कुणी?

न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट आपल्या रिपोर्टर्सना हे मत देऊ देत नाहीत. ज्यांच्याबद्दल रोज लिहायचं त्यांना बक्षिसं वाटू नयेत, इतकं सरळ आहे ते. बाकीच्यांना हे का कळत नाही?

त्या दिवशी मुलाला हे सगळं सांगत सांगत आम्ही तिथल्याच म्युझियमच्या भागात गेलो. तिथे काचेमागे बॉन्ड्सच्या ७५६ व्या होम रनचा बॉल होता, हँक ॲरनचा रेकॉर्ड मोडणारा. विकत घेणाऱ्याने ऑनलाइन मतदान घेऊन त्या बॉलवर फुलीसारखी चांदणी (*), म्हणजे 'हा रेकॉर्ड संशयास्पद' अशी खूण, कोरून घेतली, आणि मग तो हॉल ऑफ फेमला दिला. मुलाने काचेवर बोट ठेवून ती चांदणी गिरवली, आणि विचारलं, "म्हणजे बॉल आत चालतो, पण तो नाही?"