खुनी दिवाणजी आहे

पुस्तकं रद्दीत घालण्याला ग्रंथालयांच्या भाषेत 'निर्लेखन' म्हणतात, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं.

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी तिथं सुविचार, नातवंडांचे फोटो आणि गुडघेदुखीवरचे काढे येतात. गावच्या वाचनालयाचा कार्यवाह आमच्याच वर्गातला. कॉलेजात मराठी शिकवतो. त्यानं एक फोटो टाकला: वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमिनीवर पुस्तकांचे ढीग, सुतळीनं करकचून बांधलेले. खाली मजकूर, 'रहस्यकथा, भयकथा, जादूच्या कादंबऱ्या वगैरे जीर्ण व दर्जाहीन पुस्तकांचे निर्लेखन करून त्या जागी स्पर्धा परीक्षा अभ्यासिका सुरू करीत आहोत. मराठी अभिजात झाली, आता वाचनही अभिजात होऊ द्या.' त्याखाली बत्तीस अंगठे.

जीर्ण म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. 'दर्जाहीन' आणि 'वगैरे' हे दोन शब्द मला झोंबले. कारण तो मेसेज आला तेव्हा इथं नॉर्वेतल्या स्टावांगरमध्ये दुपारी चारच्या आत अंधार पडला होता, बाहेर आडवा पाऊस होता आणि माझ्या मांडीवर नेमकं त्या 'वगैरे'तलंच एक पुस्तक उघडं होतं.

बाबा गेल्यावर घर रिकामं करताना भावानं विचारलं होतं, तुला काय हवं? मी पुस्तकांचा खोका मागितला. एक्केचाळीस पुस्तकं. तीन खेपांमध्ये, तेवीस किलोंच्या हिशेबात आणली. दर वेळी काट्यावर भयकथावाले नारायण धारप की लोणचं असा प्रश्न पडायचा. धारप जिंकायचे, कारण लोणचं आता इथं पाकिस्तान्याच्या दुकानात मिळतं. आणली आणि कपाटावर ठेवून दिली ती आठ वर्षं. या हिवाळ्यात म्हटलं, आता फडशा पाडायचाच. बार्नेहागेतून, म्हणजे मी काम करते त्या बालवाडीतून, घरी आलं की ओले बूट काढायचे, काळा चहा आणि एक पुस्तक. ढीग वाफलच्या मशीनशेजारी रचलाय. वाचून झालेलं पुस्तक डावीकडे जातं.

त्यात अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आहेत. हजाराच्या वर पुस्तकं लिहिलेल्या या माणसाची सगळीच काही ग्रेट नाहीत, पण पहिल्या पानावर टेलिफोन खणखणला की आजही मी चहा गार करते. शिरवळकरांची पुणेरी टवाळी आहे. मतकरींच्या गूढकथा रात्री वाचायच्या नाहीत असा नियम मी मोडला आणि जिन्यातला दिवा चालू ठेवून झोपले, वय वर्षं सत्तावन्न. राजकन्या, मांत्रिक आणि भुयारांच्या चार-पाच आहेत. त्यांचे मांत्रिक फार बोलतात, दोन मी अर्ध्यावर सोडल्या. आणि धारप. त्यांच्या काही कादंबऱ्यांचं मूळ स्टीफन किंगमध्ये सापडतं, हे मलाही माहीत आहे. पण वाड्याच्या माजघरातला तो ओलसर वास किंगकडे नाही. तो वास घेऊन 'तुंबाड' 2018 मध्ये पडद्यावर आला, त्यातल्या भयामागे धारपांचीच एक गोष्ट होती, तेव्हा याच ग्रुपवर 'मराठी माणसाचा अभिमान' म्हणून फॉरवर्ड फिरले होते. तेव्हा कुणी 'दर्जाहीन' म्हटलं नव्हतं.

मग मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. लिहिलं की आमच्याकडे ईस्टर आला की अख्खा देश केबिनमध्ये जाऊन संत्री सोलत खुनाच्या गोष्टी वाचतो. दुधाच्या खोक्यावरसुद्धा एक छोटं रहस्य छापलेलं असतं, मुलं नाश्ता करता करता खुनी शोधतात. ही प्रथा निघाली 1923 मध्ये. दोन तरुणांनी मिळून एक थरारक कादंबरी लिहिली आणि प्रकाशकानं तिचं नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीच्या मथळ्यासारखं छापलं: बर्गनची गाडी रात्री लुटली. ज्यांचं कुणी त्या गाडीत होतं ते हादरले. त्या दोघांतला एक नूरडाल ग्रिग. पुढे तो मोठा कवी झाला आणि युद्धात बर्लिनवरच्या विमानहल्ल्यात मेला. आज त्याच्या कविता इथं शाळेत शिकवतात. दरोड्याची कादंबरी लिहिली म्हणून त्याचा दर्जा गेला नाही. शिवाय 1965 पासून सरकार नव्या पुस्तकांच्या शेकडो प्रती विकत घेऊन देशभरच्या वाचनालयांत पाठवतं. आमचं वाचनालय रविवारीही उघडं असतं. वगैरे. (मीही 'वगैरे' लिहिलं.)

दहा मिनिटं शांतता. मग कार्यवाहाचं उत्तर आलं, 'तुमच्याकडे असेल.'

एवढंच. आता मराठीत 'आपल्याकडे' आणि 'आमच्याकडे' हे दोन वेगळे शब्द आहेत ही सोय आहे की शिक्षा, मला कळत नाही. 'आपल्याकडे' म्हटलं की ऐकणारा आत येतो, 'आमच्याकडे' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो. मी पुन्हा वर जाऊन माझा मेसेज वाचला. सहा वेळा 'आमच्याकडे', सगळे नॉर्वेबद्दल. बावीस वर्षांपूर्वी मी फोनवर 'इथं' म्हणायचे. तो शब्द कधी बदलला याची माझ्याकडे नोंद नाही.

त्याचा दुसरा मेसेज आला, 'पुढच्या महिन्यात सभा आहे, ये. गणपूर्ती होत नाही.' दोघा-तिघांनी हसण्याचे चेहरे टाकले.

मग मला खराच राग आला आणि रागात मी बाबांच्या तोंडची एक गोष्ट आठवून लिहून काढली. गुणाढ्याची. सातवाहनाच्या दरबारातला हा पंडित. पैज हरला म्हणून संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथं पिशाचांची भाषा शिकला, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली आणि पैठणच्या राजाकडे पाठवली. राजानं काय म्हणावं? भाषा पैशाची, अक्षरं रक्ताची, नको. गुणाढ्य टेकडीवर गेला, जाळ केला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. जनावरं चरायची थांबली, रडत ऐकत उभी राहिली. इकडे राजवाड्यात मांस वाळकं यायला लागलं, राजा आजारी पडला, कारण शोधत धावत आला तेव्हा सहा लाख श्लोक जळले होते. उरलेला एक लाख त्यानं हात जोडून घेतला. पुढं कथासरित्सागर याच कथेचा वारसा सांगतो आणि आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी त्यातच आहेत. मी शेवटी लिहिलं, 'राजानंही निर्लेखनच केलं होतं.'

अभिजातचा मुद्दाही मी सोडला नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला दर्जा मिळाला, मलाही आनंद झाला, मी बार्नेहागेत पेढ्यांऐवजी स्कूलेबोलर, म्हणजे इथले गोड पाव, वाटले आणि का वाटतेय हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. पण भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून आपण ज्या गाथासप्तशतीकडे बोट दाखवलं, तिच्यातल्या दहा शृंगारिक गाथा निवडून मी या ग्रुपवर टाकल्या तर ॲडमिन मला पाचव्या गाथेला काढून टाकेल. आणि पहिली मराठी कादंबरी 1857 ची धरली, तर तिच्यानंतर चारच वर्षांनी हळब्यांची 'मुक्तामाला' आली, तीही अद्भुताच्याच वाटेनं. म्हणजे आपली कादंबरी पाळण्यातच थरारकथा ऐकत मोठी झाली. नारळीकर विज्ञानकथा लिहायचे; 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेच ना? यावर कार्यवाह म्हणाला, नारळीकरांचं वेगळं आहे. हे वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. चांगलं निघालं की ते 'वेगळं' होतं.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी, जी मी ग्रुपवर लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी बार्नेहागेत मुलांना पावसाचे कपडे चढवताना मी हे भांडण माझ्या सहकारी बाईंना सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, माझ्या आईकडे मार्गित सांदेमोच्या त्या हिमलोकांच्या मालिकेचे सगळे सत्तेचाळीस भाग होते. शापित घराणं, चेटकिणी, प्रेमं. नार्वेसेनच्या टपरीतून चॉकलेटबरोबर आणायची आणि पाहुणे येणार असले की कपाटात खालच्या खणात, टेबलक्लॉथच्या मागे. दिवाणखान्यात हाम्सुन आणि उन्सेत, दोघंही नोबेलवाले. आईचा हाम्सुन शेवटपर्यंत कोरा होता म्हणे, पानंसुद्धा कापलेली नव्हती. तेव्हा 'आमच्याकडे' काही वेगळं नाही. पण मी ते माझ्या सोयीनं गाळलं, आणि वादात मी मागे हटणाऱ्यातली नव्हे.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही. माझ्या भाच्यानं अशाच एका अभ्यासिकेत चार वर्षं काढली, पंख्याखालची जागा मिळावी म्हणून पहाटे पाचला जाऊन वही ठेवून यायचा. घरी दोन खोल्यांत पाच माणसं. पोरानं वाचायचं कुठं? 23 अंशांवर गरम केलेल्या घरात बसून मी त्याला 'पुस्तकांची जागा घेतलीस' म्हणू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच की जागेची अडचण असेल तर जागेची सांगा. दर्जाची सांगू नका.

आणि दर्जाचं म्हणाल तर इथं आल्यावर पहिली नऊ-दहा वर्षं मी मराठीत किराण्याच्या यादीपलीकडे काही वाचलं नाही. नॉर्वेजियनच्या परीक्षा होत्या, मुलगी लहान होती. मग एकदा बाबांनी कौतुकानं पाठवलेली एक मोठी, पुरस्कार मिळालेली कादंबरी उघडली आणि चाळीस पानांत दम लागला. वाक्याच्या सुरुवातीला काय होतं ते शेवटी पोचेपर्यंत विसरायला व्हायचं. बाबांना फोनवर 'फार सुंदर आहे' म्हणाले. मराठी हा विषय घेऊन बीए झालेली मी, मला मराठी वाचताना धाप लागते हे कुणाला सांगणार? यंदा या पिवळ्या पानांवर माझा वेग परत आला. 'दार करकरलं. तो थबकला. आत कुणीतरी श्वास घेत होतं.' असल्या वाक्यांना कुणाची धाप लागत नाही. आधी आठवड्याला एक पुस्तक व्हायचं, आता तीन होतात. डावीकडचा ढीग आता उजवीकडच्यापेक्षा उंच आहे. जानेवारीत बाबांची ती कादंबरी पुन्हा काढली; एकशेदहाव्या पानावर आहे, बरी चाललीय.

मुलीला देवनागरी वाचता येत नाही. तो दोष माझा. पण लहानपणी केबिनमध्ये वीज गेली की मी तिला याच पुस्तकांतलं आठवून सांगायचे. त्यामुळे तिला 'अभिजात' म्हणजे काय ठाऊक नाही; हडळ, मुंजा, चकवा, उंबऱ्यावर ठेवलेलं लिंबू हे सगळं ठाऊक आहे. ट्रोंढाइमच्या तिच्या होस्टेलवर ती ते नॉर्वेजियनमध्ये मैत्रिणींना सांगते, आणि 'मुंजा'ला तिला शब्द सापडत नाही म्हणून तो मुंजाच राहतो.

आता ते मांडीवरचं पुस्तक. खोक्यातलं हे सगळ्यात फाटकं. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, त्यामुळे लेखक कोण कळायला मार्ग नाही. कोकणातला वाडा, थोरल्या मालकांचा खून, पावसानं घाट बंद. सातव्या पानावर समासात कुणीतरी निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलंय, 'खुनी दिवाणजी आहे.' जुन्या वाचनालयांत हा आजार सगळीकडे होता. तेव्हा मी पूर्ण पुस्तक दिवाणजीवर डोळा ठेवून वाचलं. त्यानं पान लावलं, संशय. कंदील विझवला, संशय. आणि पान 152 नंतर काहीच नाही. शेवटची पानं गेलेली. दिवाणजी जिन्यावर उभा आहे, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि पुस्तक संपलं.

चिडून मागचा पुठ्ठा उलटला तर आत तारीखपट्टी. जांभळे शिक्के, शेवटचा 14 मे 1983. वर अंडाकृती शिक्क्यात गावच्या वाचनालयाचं नाव, दाखल क्रमांक, आणि पेन्सिलीनं बाबांचा सभासद क्रमांक. ती मे महिन्याची सुट्टी होती. बाबांच्या कार्डावर मी आणायचे, म्हणजे न परत केलेलं पुस्तक कुणाचं ते उघड आहे. दंड तेव्हा रोजचा पाच पैसे. मी बसून हिशेब केला. पावणेआठशे रुपयांच्या आसपास होतात. इथं तेवढ्यात दोन कॉफ्या कशाबशा येतील.

ग्रुपवर हे लिहिण्याची हिंमत झाली नाही. फक्त विचारलं: कोकणातला वाडा, थोरल्या मालकांचा खून, घाट बंद, दिवाणजी जिन्यावर, कुणाला शेवट आठवतो का? बत्तीस अंगठेवाल्यांपैकी कुणालाच आठवला नाही. कुणीतरी गुड नाईटचं फूल टाकलं.

तिकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. मला वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही. कार्यवाहाचा.

'दिवाणजी नाही. धाकट्या वहिनी. जुडगा त्यांनीच त्याच्या खोलीत ठेवलेला असतो, शेवटच्या प्रकरणात विहिरीवर सगळं बाहेर येतं. सातव्या पानावर निळ्या पेननं लिहिलेलं असेल तर ते मी लिहिलंय, आठवीत असताना, मुद्दाम खोटं. म्हणजे आपली प्रत तुझ्याकडे आहे तर. ग्रुपवर बोलू नकोस.'