नवमतदाराने घ्यावयाची काळजी

महापालिकेला मत द्यायची हौस असेल, तर सगळ्यात आधी जन्मतारीख नीट निवडा. पुण्या-मुंबईत २१ फेब्रुवारी २०१७ला मतदान झालं. त्यानंतरच्या मार्चमध्ये अठरा पूर्ण करणाऱ्या निष्काळजी मुलांचा नंबर लागला तो थेट १५ जानेवारी २०२६ला, सव्विसाव्या वर्षी. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक उरकावी असं राज्यघटनेत लिहिलंय खरं, पण घरातल्या मोठ्यांचं सगळंच कुठे ऐकतो आपण? आणि मुदत संपल्यावर नगरसेवकांच्या जागी कारभार बघणाऱ्या सरकारी प्रशासकात वाईट काय आहे? मतं मागायला दारात येत नाही, हार घालावा लागत नाही. छत्रपती संभाजीनगरात तर २०२०पासून हे सुख होतं.

या खेपेला राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ची मतदारयादी धरली. तुम्ही ऑगस्टमध्ये अठराचे झालात? मग पुढच्या वेळी या. पुढची वेळ कधी, असं विचारू नये. यावेळीसुद्धा ते सर्वोच्च न्यायालयाला विचारावं लागलं.

पुणेकरांनी किती मतं द्यायची ते पाठ करण्यात वेळ घालवू नये. प्रभागात जितके नगरसेवक तितकी मतं: २००७ला एक, २०१२ला दोन, २०१७ला चार. मग महाविकास आघाडीने पुन्हा एकाचा कायदा केला, २०२१मध्ये स्वतःच त्याचे तीन केले, आणि शिंदे-फडणवीस सरकारने २०२२मध्ये आल्या आल्या चार. हे सगळं लोकशाही बळकट व्हावी म्हणून. आपले उमेदवार कुठल्या रचनेत निवडून येतात याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, आणि तसं म्हणणारे प्रत्येक पक्षात फक्त विरोधी बाकांवर असतानाच सापडतात. शिवाय चार नगरसेवकांचा फायदा बघा ना: गटार तुंबलं की 'अ' म्हणतो 'ब'ला विचारा, 'ब' म्हणतो निधी 'क'चा, आणि 'ड' लग्नाला गेलेला असतो. तेवढ्यात तुमचा व्यायाम होतो. (मुंबईकरांना एकच मिळतो. त्यांनी समुद्रावर चालावं.)

मतदान केंद्रात मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी शोधत उभे राहू नका, या निवडणुकीत ती दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र नसतं. यादीत नावापुढे दोन तारे दिसले म्हणून हुरळू नका. तुमचं नाव दुबार असल्याचा संशय आहे, हमीपत्र लिहून द्या.

गावाकडच्यांना एवढंच सांगणं: सरपंच २०१७ला तुम्ही थेट निवडायचा, २०२०ला सदस्यांनी, २०२२ला पुन्हा तुम्ही. तेव्हा सरकार बदललं की आधी राजपत्र वाचा, आणि मगच 'भावी सरपंच'चा फ्लेक्स छापायला टाका.